माती, श्रम आणि मैत्री
(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



निसर्ग, श्रम, मैत्री आणि श्रद्धा यांतून जीवनाला अर्थ कसा लाभतो, यावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. मी विद्वान नाही. माझे आयुष्य येथील फाउंड्रीत आणि पुढे एका शाळेची देखभाल करण्यात गेले. तेव्हा अनुभवाचेच बोलतो.

निसर्ग मनाला शांती देतो, असे आपण शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलो. ते खोटे नाही. परंतु आमच्या वाडवडिलांना निसर्ग इतका सहज भेटला नाही. गावाला नदी होती, पण आपला पाणवठा वेगळा होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो हक्काचा संग्राम होता. पाण्यासाठीच ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांना नदीकाठच्या सौंदर्याची वर्णने करायला सवड कोठून मिळणार?

श्रमाचेही तेच. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणत असू, सातारा जिल्ह्यातील एका गावी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले. महारवतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले. बा म्हणत, "माती कपाळाला लावावी असं लोक म्हणतात, आपल्या कपाळी ती न लावताच आली." मी १९७२ साली या देशात आलो, तेव्हा मनाशी ठरवले होते की पुन्हा मातीला हात लावायचा नाही.

१९८१ साली आमची फाउंड्री बंद पडली. अकरा महिने मी घरी बसून होतो. सकाळी डबा घेऊन बाहेर पडावे आणि ग्रंथालयात बसून परत यावे, कारण मुलांना कळू नये. मंडळाच्या रविवारच्या वंदनेलाही मी जाईनासा झालो. लाज वाटत असे. मग एका रविवारी पाच-सहा कुटुंबे आमच्याच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आजची वंदना तुमच्या घरी आहे." कोणी नोकरीविषयी चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी त्रिशरण म्हणताना "संघं सरणं गच्छामि" या शब्दांपाशी माझा आवाज थांबला. ते शब्द मी बालपणापासून म्हणत होतो. त्यांचा अर्थ त्या दिवशी समोर चटईवर बसला होता.

संयुत्त निकायात एक संवाद आहे. आनंद म्हणतो की कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, अर्धे धम्मजीवन होय. भगवान बुद्ध त्याला थांबवतात आणि सांगतात की अर्धे नव्हे, संपूर्ण. बाबासाहेबांचेच पाहा ना. अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा लंडनला आले, त्यामागे स्वतःची बचत होती, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्जही होते. एवढा प्रज्ञावंत पुरुष, पण त्यालाही मित्राचा हात घ्यावा लागला.

माझा दुसरा मित्र इंग्रज होता, फाउंड्रीतलाच, वयाने मोठा. येथे कौन्सिल भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देते, त्याला अलॉटमेंट म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याने मला आपल्या तुकड्यावर नेले आणि हाती फावडे दिले. मी ते तसेच उभे धरून राहिलो. बाची आठवण झाली. त्याने विचारले नाही. स्वतः खणू लागला. तासाभराने मीही खणू लागलो. त्या मातीत मालकाची हाक नव्हती. दमलो की बसावे, पाखरे ऐकावीत, चहा प्यावा. बाच्या आणि माझ्या श्रमांत फरक फक्त एवढाच होता, आणि तो फार मोठा होता. पहिल्या वर्षी घाईने पेरलेले सगळे मे महिन्यातील हिमाने जाळले. तो हसला; मीही किती तरी दिवसांनी हसलो.

सुत्तनिपातातील कसिभारद्वाजाची कथा मला त्यामुळेच प्रिय आहे. पाचशे नांगर जुंपणारा तो ब्राह्मण भिक्षेसाठी उभ्या असलेल्या बुद्धांना म्हणतो, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तूही तसेच कर. बुद्ध उत्तरतात की मीही नांगरतो. आणि आपल्या शेतीत श्रद्धेला ते बीजाची जागा देतात. बीज पेरून भागत नाही, नांगर आणि पाऊसही लागतो, म्हणून आंधळ्या श्रद्धेला येथे थारा नाही. ही कथा वाचताना मात्र माझ्या मनात एक प्रश्न नेहमी येतो: ते पाचशे नांगर एकटा भारद्वाज थोडाच धरत असेल? ते धरणाऱ्यांची नावे कोठे आहेत? माझे बा मला त्या शेतात दिसतात.

माझा तो मित्र १९९८ साली गेला. त्याच्या शेजारचा तुकडा तेव्हा माझ्याकडे होता; आता नात माझ्याबरोबर येते. "आजोबा, ही जमीन आपली का?" असे तिने विचारले. मी म्हणालो, "नाही बाळ, वर्षाचे भाडे भरतो." ती म्हणाली, "मग कांदे तरी आपले ना?"

यंदाची मेथी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना प्रत्येक घराने एक जुडी न्यावी, ही विनंती.

नमो बुद्धाय. जय भीम.