शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी द्यायचा हिशेब



दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज निघतात. कुणाच्या आईच्या स्मरणार्थ ठेवलेली ठेव, कुठल्या ज्ञातिमंडळाचा निधी, कुणा निवृत्त मास्तरांनी फंडाच्या पैशांतून उभा केलेला ट्रस्ट. या देणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांच्याकडेच आज एक मागणे मागायचे आहे. मुलांची निवड कशी केली, याचा हिशेब त्यांनी द्यावा.

पैशाचा हिशेब कायदा मागतोच. 1950 सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करावी लागते. हिशेब ठेवायचे, ऑडिट करून घ्यायचे, विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा, जमीन विकायची तर आधी आयुक्तांची मंजुरी घ्यायची. प्राप्तिकराची सवलत हवी तर साधारणपणे उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च झाला पाहिजे, आणि ट्रस्टचा पैसा विश्वस्तांच्या नातेवाइकांकडे वळला तर ती सवलत धोक्यात येते. नियम चांगले आहेत. पण ऑडिटर काय बघतो? चेक कुणाच्या नावे निघाला, ठराव आहे का, पावती आहे का. आलेल्या दोनशे अर्जांतून हीच वीस मुले का निवडली, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही कुणाला विचारत नाही.

नुसत्या कागदांवर विसंबले की काय होते, ते 2023 साली दिसले. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या केंद्रीय शिष्यवृत्तीत तपासलेल्या 1,572 संस्थांपैकी 830 बोगस किंवा बंद निघाल्या, सुमारे 144 कोटींचा चुराडा झाला आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. अर्ज होते, पडताळणीचे शिक्के होते, बँक खाती होती. विद्यार्थी मात्र नव्हते. सरकारी योजनेत निदान लेखापरीक्षण, विधिमंडळ, माहितीचा अधिकार एवढे दरवाजे उघडे असतात. खासगी ट्रस्टच्या दारात नाकारलेल्या मुलाने कुणाला विचारायचे?

बंधने कायम घेणाऱ्यावर, ही आपली जुनी रीत आहे. 4 जून 1913 रोजी तरुण भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी शिष्यवृत्तीचा करार केला. नेमून दिलेला अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशा अटी होत्या. बडोद्याचे महाराज सयाजीरावांच्या ज्या मदतीने कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले, तिचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. नोकरीवर रुजू झाले, तर बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेले. विद्यार्थ्याची जबाबदारी करारात कलमवार लिहिली होती. हा माणूस इथे मानाने राहू शकेल ना, हे बघण्याची जबाबदारी कुणाच्याच नावावर नव्हती.

आजचा एखादा अर्ज हातात घेऊन पाहा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँक पासबुकाची झेरॉक्स, इथपर्यंत ठीक. मग येते ‘दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस’. ऊसतोड कामगाराच्या मुलीने या दोन व्यक्ती कुठून आणायच्या? ती शिफारशीसाठी पुढाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसते, आणि मदतीआधीच मिंधेपणा अंगाला चिकटतो. फी जुलैत भरायची, चेक मात्र पाहुण्यांच्या सोयीने डिसेंबरच्या समारंभात. मधल्या काळात बापाने सावकाराकडून पैसे काढलेले असतात. व्यासपीठावर पुठ्ठ्याचा मोठा चेक हातात देऊन तिचा फोटो काढतात आणि तो वर्षभर अहवालात झळकतो. तिच्या गरिबीची ही जाहिरात करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून निवडीचे निकष आणि प्रत्येक निकषाला किती गुण, हे अर्जासोबतच छापा. निवड समितीत ज्याचा नातेवाईक अर्जदार असेल त्याने त्या बैठकीतून उठावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. ज्याला नाही म्हटले त्याला कारण दोन ओळींत कळवा आणि फेरविचाराची तारीख द्या. पैसे फीच्या मुदतीआधी खात्यात जमा करा. ‘आम्ही चारजण फावल्या वेळात हे काम करतो, एवढे झेपायचे नाही,’ असे छोटे ट्रस्ट म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे, पण यात खर्च कागदाचाच आहे.

कायद्यातही एक जागा मोकळी आहे. ट्रस्टच्या कारभाराविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागू शकणाऱ्या ‘हितसंबंधित’ व्यक्तींत लाभार्थी येतो. पण पात्र असून डावलला गेलेला अर्जदार त्यात बसतो की नाही, हे स्पष्ट लिहिलेले नाही. ते लिहिले जावे, यासाठी आमदारांकडे आग्रह धरायला हवा. निकष छापण्यासाठी मात्र दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. आज या सभागृहात अनेक विश्वस्त बसले आहेत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्यांनी हा विषय घ्यावा आणि यंदाच्याच अर्जांपासून ठराव लागू करावा.