नव्या सांध्याचे पहिले दिवस
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



खुब्याचा सांधा बदलून मी जुन्या जालन्यातील घरी आले, त्याला आता वर्ष होईल. इंग्लंडात डॉ. चार्नली यांनी १९६२ साली या शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात; पुढचे दिवस मात्र आपल्यालाच निभवावे लागतात.

माझ्या डॉक्टरांनी पाट, मांडी, उकिडवे बसणे बंद केले. उंच खुर्ची, उंच कमोड, निजताना पायांमध्ये उशी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पोटरी सुजून दुखू लागली किंवा जखम वाहू लागली तर लगेच डॉक्टरांना कळवावे. दम लागला, छातीत दुखले, तर तडक इस्पितळ गाठावे.

मला जड गेले ते निराळेच. सून मोजे चढवू लागली, तेव्हा रडू आले. जन्मभर मीच सर्वांचे केले! ती म्हणाली, "आई, माझी दोन बाळंतपणे तुम्हीच केलीत ना?" त्या दिवशी संकोच सुटला.

भगिनींनो, दुखणे लपवून ओट्याशी उभ्या राहू नका. सेवा करवून घेणे हेही औषधच आहे. गेल्या महिन्यात मी काठीवाचून कुंडलिकेच्या पुलापर्यंत जाऊन आले. सून सोबत होती.