बालवाडीच्या बाईंनाही शिकू द्या
(मंडळाच्या शैक्षणिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेच्या काउंटरवर कारकून म्हणून बसलो. परंतु मंडळाच्या बालवाडीची देखरेख काही वर्षांपासून आमच्याकडे आहे. तेथे आमच्या हातून एक चूक घडली. ती आज आपल्यासमोर सांगावी आणि तिच्यातून जे उमजले तेही सांगावे, एवढाच आमचा उद्देश आहे.

पहिल्याच वर्षी काही पालक आम्हाला भेटले. म्हणाले, "आमची पोरं नुसती खेळतात. पलीकडच्या इंग्रजी शाळेतल्या पोरांना पन्नासपर्यंत आकडे येतात." आम्हाला ते पटले. आपली मुले मागे राहता कामा नयेत, ही भावना आपणा सर्वांच्या मनात किती खोल आहे, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. आम्ही पाट्या आणल्या, दुरेघी वह्या आणल्या आणि बाईंना बजावले की, दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलाला मुळाक्षरे व पन्नासपर्यंत अंक लिहिता आले पाहिजेत.

एक चार वर्षांचा मुलगा रोज खिशात चिंचोके घेऊन येई. हातात पेन्सिल दिली की तो रडू लागे. पुढे तो यावयाचाच बंद झाला. आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो ओट्यावर बसून चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग करीत होता. त्याची आजी म्हणाली, "साहेब, घरी त्याला मोजता येतं, तुमच्याकडंच येईना."

आम्ही परत आलो आणि नेहमीप्रमाणे दोष बाईंना दिला. त्यांना शिकविता येत नाही, असे आम्ही बैठकीत बोललो. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही मला नोकरी दिली. पण हे काम मला शिकवलं कुणी?"

मित्रहो, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्यापैकी कोणाहीकडे नव्हते.

खरे तर उत्तर आपल्या इतिहासातच होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपण दरवर्षी सांगतो. पण सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे रीतसर धडे घेतले होते, हे आपण फारसे सांगत नाही. शिकविणे हीसुद्धा शिकावयाची विद्या आहे, हे त्यांनी जाणले होते.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. मुलांसाठी बालमंदिर काढून ते थांबले नाहीत, तर शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापन मंदिरही चालविले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक पुढे मुंबईला परतल्या आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी गावी गेल्या. तेथे त्यांनी बालवाडी काढली. परंतु त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले तिकडे येईनात. तेव्हा ताराबाईंनी "मुले येत नाहीत" अशी तक्रार केली नाही. बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना, जी मुले गुरे राखण्यास जात त्यांच्यामागे शाळा कुरणात गेली. महागडी माँटेसरी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने-फुले यांवरच काम भागविले.

या कामात ताराबाईंच्या जोडीला होत्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न आणि लगोलग वैधव्य, अशा स्थितीतून शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. प्राथमिक शाळेत कित्येक वर्षे शिकविण्याचा अनुभव गाठीशी होता. तरीही बोर्डीला आल्यावर त्यांनी बालशिक्षणाचे काम नव्याने शिकून घेतले. अनुभवी शिक्षकानेही पुन्हा विद्यार्थी व्हावे, हा धडा आम्हाला मोलाचा वाटतो. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती अशा आयुष्यभराच्या शिकण्याची पावती होय.

आता कोणी विचारील की, मुलांच्या कलाने शिकविणे म्हणजे नक्की काय? नुसते मोकळे सोडणे काय? तसे नाही. एक उदाहरण देतो. आमच्या बालवाडीत पाण्याची घमेली ठेवली होती. एका मुलीने विचारले, "दगड बुडला, मग करवंटी का नाही बुडली?" जुन्या पद्धतीने बाई म्हणाल्या असत्या, "करवंटी हलकी असते, चला, वह्या काढा." त्या दिवशी बाईंनी उलट विचारले, "तुला काय वाटतं?" कोणी म्हणाले, दगड मोठा आहे. मग बाईंनी छोटा खडा दिला; तोही बुडाला. मोठा लाकडी ठोकळा तरंगला. एकाने करवंटीत खडे भरावयास घेतले आणि कितव्या खड्याला ती बुडते, हे मुले मोजू लागली. अंक आले, भाषा आली, विचार आला. सर्वांत पुढे होता तो चिंचोकेवाला मुलगा. होय, तो परत आला होता.

परंतु मित्रहो, हे काम पाढे म्हणून घेण्यापेक्षा कठीण आहे. कोठे गप्प बसावे, कोठे प्रश्न टाकावा, कोणते साधन पुढे ठेवावे, हे बाईंना क्षणाक्षणाला ठरवावे लागते. ते एका भाषणाने किंवा एका पुस्तिकेने येत नाही.

आमच्या बँकेत संगणकप्रणाली बदलली, तेव्हा आम्हाला तीन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. प्रमाणपत्रही मिळाले. चौथ्या दिवशी काउंटरवर रांग लागली आणि आमचे हात थिजले. आम्ही काम शिकलो ते शेजारच्या सहकाऱ्याला विचारून, चुकून आणि संध्याकाळी ती चूक त्याच्याबरोबर बसून शोधून. आपले काम असे, तर बाईंचे वेगळे कसे असेल?

शासनाच्या पातळीवर काही हालचाल झाली आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ६ वयोगट शिक्षणाच्या रचनेत आणला. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी ६ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी १ वर्षाची पदविका त्यात सुचविली आहे. शिवाय महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग व्हावा, असेही म्हटले आहे. मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम सुरू झाला. हे स्वागतार्ह आहे. पण सेविकेच्या माथी आहार, वजन-उंची, लसीकरण, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती हे सारे आहेच. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने तिचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२२ च्या निकालापर्यंत वाट पाहावी लागली. जिच्या कामाला आपण पगारसुद्धा म्हणत नाही, तिच्याकडून आपण नव्या युगाचे शिक्षण मागतो, याचा विचार झाला पाहिजे.

आपल्या हाती जे आहे, ते आम्ही सुरू केले आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आपल्या बाई व शेजारच्या दोन बालवाड्यांच्या बाई एकत्र बसतात. प्रत्येकीने महिन्यात एका मुलाकडे बारकाईने पाहावयाचे, तो काय करतो, काय विचारतो ते वहीत लिहावयाचे आणि बैठकीत वाचावयाचे. मग "पुढे काय ठेवू या?" यावर चर्चा. अधूनमधून एकीने दुसरीच्या वर्गात बसावयाचे, पण परीक्षक म्हणून नव्हे. सुरुवातीला बाई फक्त "मूल हुशार आहे", "मूल मस्तीखोर आहे" एवढेच लिहीत. आता त्या मुलाचा प्रश्न लिहितात. हा फरक लहान नाही.

सर्व काही सुरळीत झाले, असे मात्र नाही. वह्या बंद केल्यावर दोन पालकांनी मुले काढून नेली. त्यांच्यावर आमचा राग नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या अक्षर पोहोचू दिले गेले नाही, त्यांना मुलाच्या हातात लवकरात लवकर अक्षर हवे असते. त्यांना समजावून सांगणे हेही आपल्या शिकण्यातच आले. म्हणून आता महिन्यातून एकदा पालकांना वर्गात बसवितो.

शेवटी सभासदांना एक विनंती. हे शनिवार आजवर बाई स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या रिक्षाभाड्याने करीत आल्या आहेत. येत्या अंदाजपत्रकात या दिवसाचे मानधन व प्रवासखर्च धरावा, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. रक्कम मोठी नाही. आम्ही हिशेबाची माणसे आहोत, आकडे आणले आहेत. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च थोडा आवरला तरी ते भागते.

आणि विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी कोणी बालवाडीचे काम करावयाचे ठरविले, तर घरचे कदाचित म्हणतील, "एवढं शिकून बालवाडी?" त्यांना सांगा, एवढे शिकल्याशिवाय ते काम होत नाही.

त्या आजीचे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. पुन्हा कोणत्याही आजीला "तुमच्याकडंच येईना" असे म्हणावे लागू नये, म्हणून आपण सर्वांनी हात लावावा, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम.