मोठ्या शाळेची वाट



जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, आणि त्याच सुमारास सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेल्या वैभववाडी तालुक्यांत पाऊसहि ठाण मांडतो. करुळ आणि भुईबावडा या घाटांखालीं विखुरलेल्या वाड्यांतून त्या दिवसांत मुलांच्या आयुष्यांतील एक मोठा पालट घडतो. कालपर्यंत वाडींतल्या मराठी शाळेंत जाणारें मूल प्रथमच मोठ्या गांवच्या हायस्कुलांत निघतें; कोणी चौथीनंतर, कोणी सातवीनंतर. नव्या वह्या, छत्री आणि गणवेश घेऊन दिला म्हणजे तयारी झाली, असें आपण समजतों. ती झालेली नसते.

जुन्या शाळेंत एक-दोन गुरुजी सर्व विषय शिकवीत. मुलाचे वडील मुंबईस आहेत, आजी आजारी आहे, तें बोलतांना अडखळतें, हें सारें त्यांस ठाऊक असे. नव्या शाळेंत तासागणिक शिक्षक बदलतात. कित्येक ठिकाणीं गणित व विज्ञान इंग्रजींतून सुरू होतें. घरची मालवणी तोंडांतून निसटली कीं मागच्या बांकावरून हंसूं ऐकूं येतें. मुलाची बुद्धि उन्हाळ्याच्या सुट्टींत कमी झालेली नसते. त्यास ओळखणारें कोणी तेथें नसतें, एवढेंच. पहिल्या चाचणींत गुण उतरले कीं घरांतून शब्द येतो, "तुला झेपत नाहीं." मुलीच्या बाबतींत तर हा शब्द शाळा सुटण्यास पुरेसा होतो.

मग करावें काय? मे महिन्यांतच मुलास घेऊन ती वाट एकदां चालावी. एस. टी. कोठें थांबते, ओढ्यास पाणी आलें तर कोणत्या साकवावरून यावें, गाडी चुकल्यास कोणाच्या घरीं बसावें, हें त्यास दाखवावें. पाचवीपासून पुढें खेड्यांतील मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेखालीं एस. टी. चा मोफत पास मिळतो. तो पहिल्याच आठवड्यांत मागून घ्यावा. दाखला मिळण्यास विलंब लागला तरी, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वयें, आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश त्या कारणानें अडवितां येत नाहीं.

जुन्या गुरुजींस माझी एक विनंती आहे. दाखल्यावर जन्मतारीख असते. मूल कशानें खुलतें आणि कशानें मिटतें, हें नसतें. तेवढें चार ओळींत लिहून नव्या वर्गशिक्षकांकडे पोंचवावें.

आणि घरच्यांनीं पहिले तीन महिने गुण विचारूं नयेत. "आज तुझ्याशेजारीं कोण बसलें होतें?" एवढेंच विचारावें. उत्तरांत एखादें नांव येऊं लागलें, म्हणजे मूल तेथें रुजूं लागलें असें समजावें. नांव येत नसेल, तर चाचणीची वाट न पाहतां शाळेंत जावें. गणेशचतुर्थीस मुंबईहून येणाऱ्या वडिलांनीं सुट्टी लागण्याच्या एक दिवस आधीं यावें, आणि मुलाबरोबर ती वाट चालून त्याच्या शिक्षकांस भेटावें.