‘सापडलं’ म्हणजे जुळलंच असं नाही



सभासद, देणगीदार, रक्तदाते यांच्या याद्या आता आपण कॉम्प्युटरवर ठेवतो. त्यात शोधणं सोपं वाटतं, पण गंमत बघा. आपण राहतो मोहम्मद बिन झायद सिटीत. अबू धाबीतच ‘झायद सिटी’ ही वेगळी वस्ती आहे. यादीत ‘झायद सिटी’ शोधलं, की आपण सगळेच हजर!

निमंत्रणपत्रिका चुकीच्या दारी गेली तर आपण हसून सोडू. पण रक्तगटाचं काय? ‘बी पॉझिटिव्ह’ ही अक्षरं ‘एबी पॉझिटिव्ह’मध्येही आहेत, आणि बी गटाच्या रुग्णाला एबीचं रक्त चालत नाही.

पायथनमध्ये आणखी एक खोच आहे. तिथलं ‘फाइंड’ शब्द कितव्या जागी सापडला ते सांगतं, आणि मोजतं 0 पासून. म्हणजे ‘बी’च्या दात्याला 0, ‘एबी’ला 1, आणि ‘ओ’मध्ये सापडतच नाही म्हणून उणे 1. आता नुसतं ‘इफ’ लावलं, तर 0 म्हणजे ‘नाही’, बाकी सगळे आकडे ‘हो’! हवा तोच दाता गळतो, नको ते सगळे राहतात.

‘इन’ वापरलं की 0 चा घोळ मिटतो, एबी मात्र येतोच. शोधशब्द रिकामा राहिला, तर अख्खी यादीच येते. म्हणून रक्तगट ‘आहे का’ असं न विचारता ‘तंतोतंत तोच का’ असं विचारावं; त्यासाठी दोन बरोबर-चिन्हं पुरतात.

रात्री दोन वाजता फोन करायचा, तर तो योग्य दात्यालाच जायला हवा.