लिलावातला शेरा

अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि मग वस्तूची वाट बघायची, हा धीर येतो कुठून? अमेरिकेत पिअर ओमिड्यार यांनी 1995 साली इंटरनेटवर लिलावाची साइट सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. 1996 मध्ये तिथे अभिप्रायाची सोय आली. व्यवहार संपला की दोघांनी एकमेकांना चांगला, मध्यम किंवा वाईट शेरा द्यायचा. तो सगळ्यांना दिसायचा.

मेख इथेच होती. फुटकी बरणी हाती आलेला खरेदीदारही वाईट शेरा द्यायला कचरायचा, कारण विक्रेता लगेच उलट वाईट शेरा देऊन उट्टं काढायचा. 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांची ही मुभा काढून घेतली. पुष्कळ विक्रेते चिडले, पण मला हा निर्णय रास्त वाटतो. पैसे आधी अडकतात ते खरेदीदाराचे.

पण आता उलट वाईट शेऱ्याची भीती उरली नाही, म्हणूनच खरेदीदाराने जपून वागायला हवं. पार्सल रखडलं तर आधी विक्रेत्याला निरोप पाठवावा, उत्तराला दोन-तीन दिवस द्यावेत. वर्णनात ‘कडेचा टवका उडालाय’ असं स्पष्ट लिहिलेलं असताना त्याच टवक्याची तक्रार करणं हा अन्यायच. ‘पैसे परत करा, वस्तूही ठेवतो, नाहीतर वाईट शेरा देईन’ ही धमकी तर ईबेच्या नियमांतही बसत नाही.

शेरा नेमका असावा. ‘कप नीट गुंडाळून आला, पण कान चिकटवलेला आहे, फोटोत ते दिसत नव्हतं.’ एवढ्यावरून पुढच्या गिऱ्हाइकाला बोली लावायची की नाही, ते ठरवता येतं.