टपालपेटीच्या शोधात



इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर ‘टपालपेटी’ शोधण्याचा छंद आहे. १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दलदलीच्या जागी भेटपत्रिकांसाठी बाटली ठेवली, तिथून तो सुरू झाला. खुणांवरून खडकाआडचा डबा हुडकायचा, त्यातला रबरी शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला तिथल्या वहीत, आणि डबा होता तसा लपवायचा. मला हा प्रथम रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला.

पण प्रिन्सटाउनची वाट धरा. १८८३ साली तिथे आगगाडी आली, १९५६ साली बंद पडली, रूळ उखडले. आता त्या मार्गावरून लोक पायी, सायकलीने डबे शोधत जातात. मार्गालगतच स्वेल टॉरची दगडखाण. तिथे गवतात ग्रॅनाइटचे घडीव तोडे पडलेले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडन ब्रिज रुंद करायचा होता, त्यासाठी ते घडवले. वापराविना तिथेच राहिले. थोड्या अंतरावर फॉगिनटॉरला खाणकामगारांच्या घरांच्या पडक्या भिंती.

त्या पाथरवटांना मजुरी कशावर मिळाली असेल, तोडा घडवल्यावर की पुलाला लागल्यावर? माझ्यासारख्या युनियनवाल्याला डब्याआधी हेच सुचते.